जुनी गिटार करून मिळेल

आमच्या घरात वस्तू जुन्या करण्यासाठी आजवर कुणालाही कष्ट पडलेले नाहीत. मिक्सर आपला आपण जुना झाला, स्कूटर पुण्याच्या रस्त्यांनी जुनी केली, दिवाणखान्यातला सोफा माहेर-सासरच्या पाहुण्यांनी मिळून केला आणि माझं म्हणाल तर ते काम बँकेच्या नोकरीने अंगावर घेतलं होतं. एका पैचा जादा खर्च नाही, कुठला व्हिडिओ पाहावा लागला नाही, सगळं कसं घरबसल्या. अडून बसली ती एकटी गिटार.

पन्नाशीच्या सुमाराला माणसं गुडघ्यांच्या नाहीतर म्युच्युअल फंडांच्या मागे लागतात. मी इलेक्ट्रिक गिटारच्या मागे लागलो. हप्त्यांवर घेतलेली, मधे पिवळी आणि कडेला काळपट होत गेलेली ती सनबर्स्ट गिटार कपाटाशेजारी स्टँडवर उभी राहून इतकी चकचकायची की पाहुणे तिच्यात बघून केस नीट करत आणि मग विचारत, "मुलीसाठी घेतलीत वाटतं?" माझी आहे म्हटलं की चहा येईपर्यंत कुणी बोलत नसे. आता गिटार जुनी व्हायची तर ती वाजवावी लागते, एवढं मलाही कळतं. पण मला येणारे कॉर्ड तीन, जी, सी आणि डी. त्यातल्या डीवर बोटं बसेपर्यंत गाणं अंतऱ्यावर गेलेलं असतं. या गतीने गिटार झिजवायची म्हणजे ते काम नातवंडांवर सोपवून जावं लागलं असतं.

माझं डोकं फिरवलं ते रॉरी गॅलाघर या आयरिश गिटारवादकाने. आयर्लंडातल्या कॉर्क शहरात या पंधरा वर्षांच्या पोराने १९६३ साली क्रॉलीच्या दुकानातून फेंडर कंपनीची एक वापरलेली स्ट्रॅटोकास्टर गिटार शंभरेक पौंडांना घेतली. गिटार १९६१ची, रंग माझ्या गिटारचाच. पुढे ती चोरीला गेली, पावसात खड्ड्यात पडलेली सापडली, आणि हा गृहस्थ ती १९९५ साली मरेपर्यंत अशी काही वाजवत राहिला की तिच्यावर रंग औषधापुरता उरला. त्याच्या घामात आम्ल फार होतं, त्यानेच रंग खाल्ला, असं सांगतात. माझ्या घामानेही शर्टाच्या कॉलरी पिवळ्या पडतात, पण त्या कौशल्याचं आमच्या घरी कुणाला कौतुक नाही. रॉरीच्या त्या उघड्या पडलेल्या गिटारला २०२४ साली लंडनच्या लिलावात आठ लाख ऐंशी हजार पौंडांहून जास्त किंमत आली आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. माझ्या कॉलरी पायपुसण्यात गेल्या.

बरं, नवी गिटार मुद्दाम जुनी करणारा मी पहिला वेडा नव्हे. खुद्द फेंडर कंपनीने १९९५ साली मुद्दाम झिजवलेल्या गिटारी ‘रेलिक’ नावाने विकायला काढल्या. दंतकथा अशी की रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स जुन्या गिटारींच्या नव्याकोऱ्या प्रतिकृती बघून म्हणाला, फार नव्या दिसतात बुवा, जरा आपटून-धोपटून द्या. खरंखोटं कीथ जाणे. पण तेव्हापासून तिकडे माणसं पगारावर बसून नव्या गिटारीला ओरखडे काढतात आणि त्या ओरखड्यांमुळे ती आणखी महाग होते. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती भाजी निवडत होती. "आपल्याकडे पॅकर्स-मूव्हर्सवाले हे फुकटात करतात," ती म्हणाली.

त्या रेलिकमध्येही प्रती असतात. खूप झिजलेली, मध्यम झिजलेली, आणि एक ‘क्लोजेट क्लासिक’, म्हणजे कुणीतरी हौसेने घेतली, फारशी वाजवली नाही आणि वर्षानुवर्षं कपाटात ठेवून दिली, अशी दिसणारी. या शेवटच्या प्रतीची गिटार माझ्याकडे बसल्याजागी तयार होत होती. पण माणसाच्या नशिबात राबायचं असलं की असल्या ओळी नजरेतून सुटतात.

जुन्या गिटारींवर कोळ्याच्या जाळ्याएवढ्या बारीक भेगा असतात, त्यांना जाणकार फार मानतात. त्या पाडायचा उपाय सोपा: गिटार फ्रीझरमध्ये गोठवायची, बाहेर काढून हेअर ड्रायरने तापवायची, की रंग तडकतो. आता फ्रीझर रिकामा हवा. घरात कुणी नाहीसं पाहून मी आधी गिटारचा दांडा सोडवला (तो चार स्क्रूंवर असतो, ही लिओ फेंडरची कृपा), मग फ्रीझरमधले मटार, खोवलेलं खोबरं, बर्फाचे ट्रे आणि मे महिन्यात हापूसच्या पेट्या रिकाम्या करून दसऱ्यासाठी जपलेले आमरसाचे डबे ओट्यावर काढले, मधली जाळी काढली, गिटारचं धड तिरकं करून आत सरकवलं, दार कसंबसं लावलं आणि विजयी मुद्रेने पेपर वाचत पडलो, तो डोळा लागला. जाग आली तेव्हा ओट्यावरून आमरस वाहत होता आणि बायको दारात उभी होती. तिने आधी ओट्याकडे पाहिलं, मग फ्रीझर उघडला. आतून गिटार तिच्याकडे बघत होती.

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी काही सण नसताना आमरस-पुरी खाल्ली. न बोलता.

ड्रायरचा प्रयोग मी तरीही केला. एक तास गरम वारा घेऊन गिटारवर एक भेग पडेल तर शपथ. ड्रायर मात्र जळका वास येऊन कायमचा गप्प झाला. आणि आतल्या वायरी, पिकअप काहीच न काढता मी धड गोठवल्यामुळे सगळीकडे पाणी सुटलं होतं. त्यामुळे तडे गेले नाहीत तरी कडकड आली. ती व्हॉल्यूमच्या बटणात.

भेगा का पडल्या नाहीत, हे शोधायला मी फ्रीझरच्या नंतर बसलो. शहाणी माणसं आधी बसतात. झालं होतं असं की पन्नासच्या दशकातल्या गिटारींना नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं, मोटारींना मारायचे तेच. आपल्याकडचे पॉलिशवाले मिस्त्री त्याला नुसतं एनसी म्हणतात. ते पातळ बसतं, वर्षानुवर्षं आक्रसत राहतं, पिवळं पडतं, आणि थंडीत लाकूड एका मापाने आकुंचन पावलं नि लॅकर दुसऱ्या, की तडकतं. साठचं दशक संपता संपता कारखाने पॉलिएस्टरवर गेले. पॉलिएस्टर जाड, कडक आणि निर्लज्ज. त्याला थंडी वाजत नाही, घाम लागत नाही, वय होत नाही. माझ्या गिटारवर अर्थातच पॉलिएस्टर होतं. घरातली मी सोडून सगळी मंडळी जे गुण माझ्यात शोधत होती, ते कंपनीने तिच्यावर फवारून दिले होते.

मग हा थर खरवडून बाथरूममध्ये एनसी मारावं, असा बेत मी जेवताना सहज बोललो. बायको पुण्यातली. "म्हणजे सिनेमाच्या जुन्या फिती ज्याच्या असत ते ना?" ती म्हणाली. २००३ साली एफटीआयआयच्या, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली होती, ती तिच्या लक्षात होती. "बाथरूममध्ये गीझर आहे, शेजारच्या घरात देवघर आहे आणि मधे तुम्ही आहात," एवढंच बोलून तिने आमटी वाढली.

तेव्हा उरला पॉलिश पेपर.

हार्डवेअरच्या दुकानात मालकांनी विचारलं, "लाकूड की लोखंड?"

"गिटार."

"जुना रंग काढायचाय का?"

"नाही, नवा."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पैसे आधी मागितले.

गिटार कुठे झिजवायची याचंही शास्त्र आहे. वाजवणाऱ्याचा उजवा हात जिथे टेकतो ती वरची कड, पाठीमागे पट्ट्याच्या बकलाने ओरबाडलेला भाग, आणि दांड्यावर बोटं फिरतात त्या जागा. काम शास्त्रशुद्ध व्हावं म्हणून मी गिटार गळ्यात अडकवून आरशासमोर उभा राहिलो, फोनवर फोटो काढला आणि तो समोर ठेवून गिटार टेबलावर अगदी फोटोत दिसते तशीच मांडली, फोटोत दांडा डावीकडे म्हणून टेबलावरही डावीकडे, आणि खडूने खूण करून बाल्कनीत घासत बसलो. पॉलिएस्टर इतकं चिवट की हाताची साल आधी गेली. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्यांवर पांढरी भुकटी पडायला लागली तेव्हा त्यांनी वर बघून, "कोणाच्या घरी लग्नाची रंगरंगोटी चाललीय?" अशी चौकशी केली. अखेर रंग गेला. आता खालून ते सोनेरी, हाताच्या स्पर्शाने मुरलेलं लाकूड दिसणार म्हणून मी फुंकर मारली.

खाली लांबी होती. भिंतीला भरतात ती, पांढरीशुभ्र. स्वस्त गिटारचं लाकूड झाकायला कंपनीने ती मनसोक्त भरली होती, आणि तिच्याही खाली जे निघालं ते लाकूड म्हणजे वेगवेगळ्या झाडांनी एकत्र येऊन केलेली तडजोड होती. रॉरीची गिटार तीसेक वर्षं गायलेली वाटते. माझी आमच्या बाथरूमच्या ओल आलेल्या भिंतीसारखी दिसायला लागली.

पण एकदा हात घातला की थांबायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत आहे. याच रीतीने आमच्या आजोबांनी वाडा घालवला. पाठीमागचे बकलाचे ओरखडे खरे हवेत म्हणून मी ठरवलं की ते बकलानेच काढायचे. अडचण एवढीच की गिटार मी घरात वाजवतो आणि घरात मी नाडीच्या लेंग्यात असतो. नाडीने आजवर जगातल्या कुठल्याही गिटारवर ओरखडा उठलेला नाही. तेव्हा लेंग्यावर ऑफिसचा पट्टा आवळून, गिटार पोटाशी धरून, दार लोटून मी बेडरूममध्ये कंबर जोरजोरात हलवत असताना कामाच्या मावशी केर काढायला आत आल्या, तशाच मागे फिरल्या, आणि स्वयंपाकघरातून त्यांचा दबका आवाज आला, "ताई, दादांना बरं नाहीये का?"

"नाही," बायको म्हणाली. "खूप दिवस झाले."

जुन्या गिटारींच्या वरच्या टोकाला, तारांच्या शेंड्यांपाशी सिगारेटचा डाग असतो. वादक तिथे पेटती सिगारेट खोचून वाजवत आणि ती विसरत. मी सिगारेट ओढत नाही. कॉलेजात एकदा ओढली होती, त्या खोकल्याची आठवण नातेवाइकांत अजून काढतात. म्हणून देवघरातली उदबत्ती घेतली आणि डाग पडेपर्यंत टेकवून धरली. डाग पडला, बरा पडला, फक्त गिटारला मोगऱ्याचा वास लागला तो आजतागायत आहे. एवढ्यात आई आली. नवरात्राचे दिवस, हातात उदबत्ती, समोर वाद्य. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अरे, खंडेनवमी उद्या आहे," ती म्हणाली, "पण तुला सुचलं हेच खूप." दुसऱ्या दिवशी तिने माझी गिटार, बायकोची विळी आणि मुलीचा लॅपटॉप पाटावर मांडून साग्रसंगीत पूजा केली आणि गिटारच्या पिकगार्डवर, म्हणजे तारांखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यावर, ओल्या हळदीची भरघोस बोटं उमटवली.

आणि तुम्हाला सांगतो, तिथे मला साक्षात्कार झाला. प्लास्टिकला जुना पिवळेपणा आणायला मी चहात बुडवून पाहिलं होतं, कॉफीत पाहिलं होतं, बुटाचं पॉलिश चोळलं होतं. काही धरत नव्हतं. हळदीने धरलं. मी सगळं पिकगार्ड हळदीच्या लेपात एक रात्र ठेवलं आणि सकाळी धुऊन पाहतो तो काय, साठ वर्षांचं जुनं हस्तिदंत! हा रंग आता पक्का बसावा म्हणून मी ते बाल्कनीत कडक उन्हात ठेवलं आणि कामावर गेलो. संध्याकाळी येऊन पाहिलं तर पांढरंफेक. विकत घेतलं तेव्हापेक्षाही पांढरं. बायकोला विचारलं तर ती माझ्याकडे कीव येऊन बघत राहिली. "अहो, हळदीचा डाग उन्हातच जातो. लहान पोराच्या आईला विचारा." लहान पोराची आई मला विचारायची तर समोरच होती, आदल्या रात्रीही होती.

गंजाचं थोडक्यात सांगतो. स्क्रू आणि ब्रिज व्हिनेगर-मिठाच्या पाण्यात लोणच्याच्या बरणीत रात्रभर ठेवायचे, असं वाचलं होतं. क्रोमचा मुलामा जिथे गंज दिसायला हवा होता तिथे जसाच्या तसा लखलखत राहिला, स्क्रू मात्र आत्म्यापर्यंत गंजले आणि असे बसले की आता ब्रिज वर-खाली करायचा तर लोहार बोलवावा लागेल. बरणीशेजारी ठेवलेल्या विळीलाही गंज चढला. नुकतीच पूजा झालेली विळी.

या सगळ्यात मला एकच आधार होता, तो लिओ फेंडरचा. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस, त्याने १९५० च्या आसपास आणि १९५४ साली ज्या गिटारी काढल्या त्यांच्यावर निम्मं जग वाजवतं, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आयुष्यभर आली नाही. हे वाचून मला केवढा धीर आला म्हणून सांगू! पण त्याला निदान दुरुस्त करता येत होती.

शेवटी मी गिटार जोडली, तारा चढवल्या आणि क्लासला घेऊन गेलो. आमचे सर बावीस-तेवीस वर्षांचे आहेत आणि मला काका म्हणतात. त्यांनी गिटार हातात घेतली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली, वास घेतला, आणि दांड्यावर बाराव्या पट्टीच्या पुढे मी जीव ओतून झिजवलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"काका, इथे तुम्ही कधी आलात?"

मला येणारे तिन्ही कॉर्ड पहिल्या तीन पट्ट्यांत संपतात. तिथलं लाकूड कोरं करकरीत होतं. गिटार माझी जन्मकुंडली सरांना वाचून दाखवत होती आणि मी ती स्वतः पॉलिश पेपरने लिहिली होती.

"आणि ही कड? हात वरच्या कडेला टेकतो काका. ही खालची घासलीय."

आरशातला फोटो उलटा येतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण हार मानणं स्वभावात नाही. मी म्हटलं, "जिमी हेन्ड्रिक्स गिटार उलटीच धरायचा."

"तो डावखुरा होता, काका."

यानंतर कुणीही गप्प बसलं असतं. पण बायकोला दया आली म्हणा की सूड घ्यायचा होता म्हणा, तिने आठवण काढली की नाशिकच्या तिच्या काकांकडे खरी जुनी गिटार आहे. तरुणपणी मांडीवर आडवी घेऊन सिनेमाची गाणी वाजवायचे ती हवाईयन, साठच्या दशकातली, माळ्यावर पडून. म्हणजे जे मी बाल्कनीत बसून करत होतो ते नाशकात निसर्ग साठ वर्षं फुकट करत होता! आम्ही पहिल्या सुट्टीला गेलो. काकांनी हौसेने पेटी उघडली. आत गिटार लखलखत होती, गडद तपकिरी, खिडक्यांच्या ग्रिलला मारतात त्या ऑइलपेंटमध्ये.

"फार जुनाट दिसत होती हो," काका म्हणाले. "दिवाळीला रंगारी आला होता, थोडा रंग उरला, म्हटलं हिलाही एक हात मारून टाक. आता कशी नवी दिसते की नाही?"

"अगदी नवी," मी म्हटलं. दुसरं बोलण्याचा अधिकार मला कुठे होता?

मग एका रविवारी गिटार घेऊन जुन्या बाजारात गेलो. पुण्यात जुन्या मालाची पारख असलेली माणसं शोधायची तर तिथेच. गेल्या महिन्यात घडवलेला पितळी ग्रामोफोन इंग्रजांच्या काळातला म्हणून विकतात, त्यांच्या नजरेतून काय सुटणार? एका म्हाताऱ्या दुकानदारांपुढे मी गिटार ठेवली आणि काही न सांगता उभा राहिलो. त्यांनी ती उलटीपालटी केली, लांबीवरून नख फिरवलं, स्क्रू पिळून पाहिला, तो हलला नाही.

"एकसष्टची वाटते ना?" न राहवून मी विचारलं.

"वाटते की," ते म्हणाले. "पानशेतच्या पुरात वाहून गेलेली."

ते दोनशे रुपये देत होते. मी घरी घेऊन आलो. कुणाला हवी असेल तर जरूर कळवा. तीनच पट्ट्या वापरलेल्या आहेत, वास मोगऱ्याचा आहे आणि कंपनीची वॉरंटी अजून संपलेली नाही.